चिमीला पहिलं नाणं कोणतं द्यावं?

आत्याबाई
मंडळी, जाणकारांच्या दारात आले आहे, हाकलू नका.

भाची पाचवीत आहे. मे महिन्यात आजीकडे, म्हणजे माझ्या आईकडे राहायला आली होती. फडताळ आवरताना एका पितळी डब्यात नाणी सापडली. मधे भोक असलेला १९४४ चा एक पैसा, कमळाचं चित्र असलेले पिवळे वीस पैसे, थोडी ॲल्युमिनियमची चिल्लर आणि तांब्याचा एक काळाकुट्ट जाड तुकडा, ज्यावर मला 'पति' एवढंच वाचता आलं. त्या दिवसापासून पोरगी झपाटली आहे. दुपारी मोबाइल मागत नाही, आजोबांचं भिंग मागते.

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. हजार रुपयांत सुरुवात करून द्यायची आहे. कोणती नाणी घेऊ? मला यातलं ओ की ठो कळत नाही.

सुट्टेपैसे
पहिला!
हजार रुपये म्हणजे आमच्या पंथात राजेशाही. डोळे मिटून दशमान नाणी घ्या. १ एप्रिल १९५७ ला नया पैसा आला, तिथून सुरुवात. एक नया पैसा गोल, दोनचा कडेला लाटा असलेला, पाचचा चौकोनी, दहाचा पुन्हा लाटांचा. पोरांना आकार आवडतात. शिवाय त्यावर मजकूर काय होता बघा: 'रुपये का सौवाँ भाग'. लोकांना नवीन हिशोब कळावा म्हणून नाण्यावरच अपूर्णांक छापला होता. पाचवीच्या मुलीला याहून चांगलं गणिताचं पुस्तक देऊन दाखवा.

बंदा_रुपया
सुट्टेपैसे, पंख्याखाली ठेवला तर उडतो तो तुमचा संग्रह.

आत्याबाई, नाणं हे आधी कानाने ओळखायचं असतं. माझे वडील सराफाच्या पेढीवर कारकून होते. रुपया अंगठ्याच्या नखावर उडवायचे आणि न बघता सांगायचे, खरा की खोटा. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखी नाणी सुरू केली, तेव्हापासून १९३९ पर्यंतच्या रुपयात हजारात ९१७ भाग चांदी. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात लोक वजन म्हणून रुपयाच टाकायचे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये चांदी गेलीच, निकेल आलं, मागे वाघ. ही घसरण हातात धरून दाखवता येते. तुमच्या ॲल्युमिनियममध्ये काय दाखवणार?

सुट्टेपैसे
गरिबी दाखवणार. ती पण इतिहासातच येते, काका.

दुदांडी
अहो थांबा दोघंही! 'पति' लिहिलेला तुकडा कुणी वाचलाच नाही का?
आत्याबाई, दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उन्हात काढलेले. आणि हात जोडून सांगतो, ते नाणं धुऊ नका, पुसूसुद्धा नका.

आत्याबाई
फोटो टाकले आहेत. पण धुऊ नका हे सांगायला तुम्हाला उशीर झाला. आईने सगळीच नाणी चिंच आणि रांगोळी लावून घासली. "देवाची उपकरणी घासते तशीच घासली, बघ कशी लखलखतात," म्हणाली.

दुदांडी
(दोन मिनिटं गप्प बसून आलो.)

असो. दोनशे वर्षांची तांब्यावरची काळी साय गेली, ती परत येत नाही. पण अक्षरं शाबूत आहेत.

तुमच्याकडे शिवराई आहे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति'. चहूबाजूच्या दरबारी नाण्यांवर फारसी असताना हे देवनागरी. मात्र ठशापेक्षा तांब्याची चकती लहान असायची, म्हणून बहुतेक नाण्यांवर अक्षरं अर्धीमुर्धी येतात. कुणाकडे 'राजा' सापडतो तर 'शिव' कडेबाहेर गेलेला. तुमच्या नाण्यावर 'छत्र'चा फक्त पाय आहे आणि 'पति' पूर्ण आहे.

आता त्या दोन शब्दांच्या मधे बघा. दोन आडव्या समांतर रेघा दिसतात ना? म्हणून ही दुदांडी. मी हेच टोपणनाव घेतलंय, यावरून समजा माझा जीव कशात आहे.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे दुकानदार मले ज्याले 'महाराजांच्या हातची' म्हणून देत होता, त्याच्यावर बी दोन रेघा होत्या न बाप्पा.

दुदांडी
हो, आणि हे मी शिवराईवाला असूनही सांगतो, कारण यात फार फसवणूक होते. शिवराई महाराजांनंतरही पाडत राहिले. दुदांडी ही उत्तर पेशवाईतली, आणि इंग्रजांचा अंमल बसल्यावरही काही वर्षं निघत होती. बाजारात मिळणाऱ्या शंभरातल्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नसतात. जुन्या शिवराईला कडेने ठिपक्यांचं वर्तुळ असतं, अक्षराला वळण वेगळं असतं, वजन जास्त भरतं. ज्याला हे बघायची सवय नाही त्याने 'राज्याभिषेकाची' शिवराई हजारो रुपयांना विकत घेऊ नये.

सुट्टेपैसे
म्हणजे इंग्रजी अमलातलं तांबं महाराजांच्या नावावर खपवता म्हणा की.

दुदांडी
नाव महाराजांचंच होतं, भाऊ. दीडशे वर्षं. मधे छत्रपती बदलले, पेशवे बदलले, पेशवाई बुडाली, पण पैशावर 'श्री राजा शिव' राहिला. तुमच्या नया पैशातला 'नया' सात वर्षांत गळाला, १ जून १९६४ ला.

सुट्टेपैसे
हा घाव वर्मी लागला. चहा घेऊन येतो.

शिसं_आणि_पोटीन
दीडशे वर्षांचं कौतुक चाललंय म्हणून आलो. नाशिककर. आमच्याकडे शिवराईला 'नवीन नाणं' म्हणतात.

चिमीला एक गोष्ट वाचून दाखवा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. आता गंमत बघा. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसऱ्याच राजाने आपला ठसा मारलेला. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाला हरवल्यावर त्याने ती चांदी वितळवत बसण्यात वेळ घालवला नाही. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी नदी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोल. नहपानाच्या नाकावर सातकर्णीचा डोंगर. खालून जुना चेहरा अजून दिसतो.

लढाई जिंकल्याचा याहून रोखठोक पुरावा मी पाहिलेला नाही.

बंदा_रुपया
गोष्ट नंबरी आहे. पण हजार रुपयांत तुम्ही हे नाणं देणार का?

शिसं_आणि_पोटीन
ते नाही. पण सातवाहनांची पोटीनची छोटी नाणी, हत्ती एका बाजूला आणि उज्जैन चिन्ह दुसऱ्या, ती साध्या माणसाच्या आवाक्यात असतात. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं असा मिश्र धातू. निव्वळ शिशाची लहान मुलीला देणार नाही. शिसं हाताला लागतं, मुलं हात तोंडात घालतात.

आणि एक, आता सगळे वाचताहेत तोवर. शेतात नांगराला साठा लागला तर तो 'आमच्या रानात सापडला म्हणून आमचा' होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जे काही जमिनीत दडलेलं सापडेल, ते कलेक्टरला कळवावं लागतं. गडबडीत फुटकळ विकून टाकलेला साठा म्हणजे पानं फाडलेली बखर. कुठे, कोणत्या भांड्यात, कशासोबत सापडलं हे एकदा गेलं की गेलं. ताज्या मातीचा वास येणारी नाणी मी घेत नाही. 'कालच निघालंय' असं विक्रेत्याने आनंदाने सांगितलं की मी चपला घालतो.

पूर्वेचा_वारा
न्यू जर्सीहून. शिसंभाऊ, इकडे पाठवाल का एखादं? पोस्टाचा खर्च माझा.

शिसं_आणि_पोटीन
नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं, १९७२ च्या कायद्याने ते देशाबाहेर पाठवता येत नाही. सुट्टीवर याल तेव्हा अंजनेरीला चला. त्र्यंबकच्या रस्त्यावर नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० पासूनची, आणि तिथलं संग्रहालय निवांत बघण्यासारखं. बघून परत जा, खिसे रिकामे.

मांडवीकाठी
गोव्याला विसरलात ना? नेहमीचंच.

आमच्या आजीच्या तोंडी तांगे असायचे. सोळा तांग्यांची एक रुपिया. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये आणि आल्याआल्या नाणी पाडायला बसले, पण मला आवडतं ते गरिबांचं बझारुक. कथलासारख्या दिसणाऱ्या तुतनाग धातूचं, भसाडं, कडा वेड्यावाकड्या, काहींवर सेंट कॅथरिनचं चाक. मासळीच्या बाजारात हेच फिरायचं.

दुसरी गंमत: १८८१ च्या रुपियावर पोर्तुगालच्या राजाचा चेहरा, पण नाणं पाडलंय कोलकात्याच्या इंग्रजी टांकसाळीत. करार करून. मग शेवटी शेवटी रुपिया गेली नि एस्कुदो आला, सहा एस्कुदोंची एक रुपिया. जेमतेम तीन वर्षं त्याची सवय होतेय तोवर १९६१ चा डिसेंबर, आणि भारतीय रुपया. आजी म्हणायची, माझ्या एका आयुष्यात तीन हिशोब शिकले, आता चौथा आला तर मी दुकानात जायची नाही.

हालीसिक्का
तीन हिशोबांचं काय घेऊन बसलात ताई. आमच्या मराठवाड्यात एकाच दिवशी दोन चालायचे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. पंजोबा औरंगाबादेहून मनमाडला आले की स्टेशनातच त्यांची कमाई सातातली एकाने कमी व्हायची, असं घरात आजही सांगतात. हाली नाण्यावर मधोमध चारमिनार असतो आणि दरवाज्याच्या कमानीत बारीक अक्षर. भिंग हातात आलेल्या पोरीला हेच द्या, दिवसभर कमानीत डोकावत बसेल.

वाचनमात्र
नमस्कार, इतकी वर्षं फक्त वाचत होतो. एक शंका. माझ्याकडे वैष्णोदेवीचं दहा रुपयांचं नाणं आहे. फोनवर एकाने दहा लाख देतो म्हटलंय. त्याआधी 'नोंदणी फी' म्हणून थोडे पैसे भरायला सांगतोय. भरू का?

बंदा_रुपया
नका भरू. नका भरू. नका भरू.

२०१२ चं नाणं आहे ते, दुकानदार सुट्ट्यात देतो. त्याची किंमत दहा रुपये आहे, फार तर कोऱ्या करकरीत अवस्थेत थोडी जास्त. ज्याला विकत घ्यायचंय तो पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये यावर जाहीर सूचना काढली होती, की आमचं नाव वापरून जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, आमचा याच्याशी काही संबंध नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अन् जादूनं तांदूळ ओढते म्हंतात ते नाणं? आमच्याकडं एका शहाण्यानं त्याच्यापायी वावर गहाण टाकलं.

बंदा_रुपया
तेही थोतांड. आणि १८१८ साल घातलेलं, राम-सीता-हनुमान असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं, तेसुद्धा. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. देवळाबाहेर विकायला केलेली ती चकती आहे. देव्हाऱ्यात ठेवा, अल्बममध्ये नको.

सुट्टेपैसे
चहा झाला. काका खोट्या नाण्यांवर बोलतायत म्हणून त्यांना एक आठवण करून देतो. पुण्याचा जुना बाजार, रविवार सकाळ, हातात १९३९ चा रुपया, चेहऱ्यावर पांडुरंग भेटल्याचा आनंद...

बंदा_रुपया
हे इथे सांगायची गरज नव्हती.

सुट्टेपैसे
मंडळी, १९३९ चा रुपया दुर्मीळ. जुन्या शुद्ध चांदीचं ते शेवटचं वर्ष. काकांनी भिंग न लावता घेतला, कारण बाजूला मी उभा होतो आणि मी घेईन अशी त्यांना भीती. घरी जाऊन बघतात तर १९३८ चा. आठाला कोरून कोरून नऊ केलेला. चांदीच्या भावात घेतला असता तरी परवडला असता!

बंदा_रुपया
त्याच सकाळी तुम्ही हैदराबाद टांकसाळीची खूण म्हणून ज्या नाण्यावर साडेतीनशे घालवले, ती खूण नव्हती, गंजाचा ठिपका होता. मीही होतो तिथेच उभा.

आत्याबाई
तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता??

सुट्टेपैसे
बावीस वर्षं. एकाच फळकुटावर वाकून वाकून दोघांची पाठ गेली. काका, ती खूण राहू दे, तुमचा डुक्कर रुपया सांगा. तुमच्या पेटीतला तेवढा एक मला आवडतो.

बंदा_रुपया
१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड एवढी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघेही बिथरले. सरकारने नाणं परत घेतलं, १९१२ पासून सोंड नीट करून हत्ती पुन्हा कोरला. एका सोंडेपायी टांकसाळ हलली. हजारात मात्र बसत नाही हो आत्याबाई.

आणि अजून एक फसवं साल. १८४० लिहिलेला व्हिक्टोरियाचा रुपया हातात आला की लोक म्हणतात, १८४० चा. तो १८६१ पर्यंत कधीचाही असू शकतो. साल बदलायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मग १८६२ आला, तोही पुढे बारा वर्षं तसाच. नवा ठसा की जुना, हे टिंबं मोजून ओळखायचं. या एका सालावर माझी सहा पानं आहेत.

सुट्टेपैसे
आणि लोक मला वेडा म्हणतात.

आत्याबाई
मला एवढंच कळलं की प्रत्येकाला आपलं तेच खरं वाटतं. 😄 म्हणून एक पैज लावू या. प्रत्येकाने एकच नाणं सुचवायचं. अट: ते शंभर रुपयांच्या आत मिळायला हवं, आणि ते का घ्यावं हे चिमीला कळेल अशा चार ओळींत लिहायचं. मी तिला वाचून दाखवते. निवाडा तिचा. दहा नाण्यांचे हजार होतात, म्हणजे हिशोबही बसला.

वऱ्हाडी_ठेचा
पंच दहा वर्साचा. हे बेस झालं, मोठ्यायवर भरोसा नाही.

दुदांडी
शंभरात दुदांडी बसते, झिजलेली. पण ती तिच्याकडे आहेच. म्हणून माझी चार वाक्यं तिच्याच नाण्याविषयी: चिमी, तुझ्या नाण्यावर 'छत्र' कडेबाहेर गेलाय, तो हरवलेला नाही, दुसऱ्या कुठल्यातरी नाण्यावर आलेला असेल. पुढच्या शिवराईवर कोणतं अक्षर मिळेल हे घेईपर्यंत कळत नाही. सगळी अक्षरं पूर्ण असलेली शिवराई मी एकोणीस वर्षं शोधतोय. तुला आधी मिळाली तर मला फोटो पाठव, मी जळेन, पण पाठव.

शिसं_आणि_पोटीन
पोटीनचा हत्ती. सोंड वर की खाली ते बघ. हे ज्याच्या हातातून गेलं त्याला शाळा नव्हती, पण हत्ती बघून त्याला कळायचं नाणं खरं आहे. हात धुऊन जेव.

मांडवीकाठी
पोर्तुगीज इंडियाचं १९५८-५९ चं बारकं सेंताव्ह, म्हणजे एस्कुदोची चिल्लर. ज्या देशाचं नाव त्यावर लिहिलंय तो देश आता कुठल्याच नकाशात नाही.

हालीसिक्का
चारमिनारचं बारकं नाणं. बाकी भिंग सांगेल.

बंदा_रुपया
शंभरात चांदीचा रुपया येत नाही हे तुम्हा सर्वांना माहीत आहे आणि म्हणूनच ही अट घातली आहे, असा माझा संशय आहे. निरुपायाने: १९४४ चा भोकाचा पैसा. तिच्याकडे आहे तोच. युद्धाच्या दिवसांत तांबं वाचवायला त्याच्या मधला भाग काढून घेतला. सरकारसुद्धा भोक पाडून काटकसर करतं.

सुट्टेपैसे
१९५७ चा एक नया पैसा. चिमी, हा जन्मला तेव्हा तुझी आजी तुझ्याएवढी असेल. तिला विचार. आत्याबाई, पाकीट पाठवतोय. रिकामी जागा उरते म्हणून सोबत थोडी चिल्लर टाकतो, ती पैजेत धरू नका.

अल्बमविषयी सगळ्यांतर्फे: मऊ, वास मारणारी प्लास्टिकची पानं घेऊ नका. वर्षा-दोन वर्षांत त्यातून चिकट हिरवं सुटतं आणि तांब्याला खातं. पुठ्ठ्याच्या चौकटी येतात, मधे पारदर्शक खिडकी असलेल्या, त्या घ्या. नाणं कडेने धरायचं. आणि आजीला चिंचेपासून लांब ठेवा.

आत्याबाई
(अठरा दिवसांनी) पाकिटं पोचली सगळ्यांची. मंडळी, किती हो चांगली माणसं तुम्ही! वाढदिवस झाला, निकाल सांगते, पण आधी आईची गोष्ट.

सुट्टेपैसेंनी सांगितलं तसं चिमीने आजीला विचारलं. आई १९४७ चा जन्म, म्हणजे १९५७ मध्ये ती खरंच दहा वर्षांची, चौथी-पाचवीत. नया पैसा हातात घेतला आणि ही बाई एकदम म्हणायला लागली, "एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस." अडुसष्ट वर्षांनी! शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं म्हणे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वा कुठून देणार, म्हणून सहाच धरायचे.

मग म्हणाली, त्यात एक लबाडी होती. पावलीचे पंचवीस नवे पैसे मिळायचे. चार आण्यांच्या शेंगदाण्याच्या चिक्क्या एकदम घेतल्या तर पंचवीस जायचे. पण आण्याची एकेक करून चार वेळा घेतली तर चोवीसच. एक नया पैसा उरायचा. ती आणि तिची मैत्रीण दुकानापासून पिंपळापर्यंत चार चकरा मारायच्या. दुकानदाराला आठवड्याने कळलं, मग त्याने दोघींना एकदम उभं करून हिशोब केला.

ही गोष्ट मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

सुट्टेपैसे
मी जिंकलो. पुढचं वाचायची गरज नाही.

आत्याबाई
जरा थांबा की. नया पैसा आजीने ठेवून घेतला. परत द्यायला तयार नाही.

चिमीने सगळी नाणी चटईवर मांडली. हत्तीची सोंड वर आहे. चारमिनारच्या कमानीत तिने अक्षर शोधलं. नहपानाच्या नाकाची गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि विचारलं, "मग नहपानाचे पैसे घरात असलेल्या लोकांचं काय झालं, त्यांना ठोकून आणावे लागले का?" शिसंभाऊ, याचं उत्तर तुम्ही द्या.

आणि मग तिने सुट्टेपैसेंच्या पाकिटातली ती 'पैजेत न धरायची' चिल्लर ओतली. त्यात तीन पैशांची नाणी होती, ॲल्युमिनियमची, षटकोनी, सात. पाच मिनिटं आवाज नाही. बघते तर एक मधे ठेवून भोवती सहा लावली होती, मधे फट नाही. म्हणाली, "आत्या, मधमाशीचं घर! हे बनवणाऱ्याला माहीत होतं का?" पहिलं नाणं हेच, असा निकाल. फोटो टाकला आहे.

बंदा_रुपया
हे पैजेत धरायचं नव्हतं. सुट्टेपैसेंनी स्वतः लिहिलंय, वर जाऊन बघा.

सुट्टेपैसे
दशमान नाणं जिंकलं की नाही? १९६४ ला पहिल्यांदा आलेलं. पंथ माझा, पाकीट माझं, टपालखर्च माझा.

बंदा_रुपया
उमेदवारी अर्जच भरला नव्हता. बाद.

दुदांडी
काका बरोबर बोलतायत. सुट्टेपैसेंची नोंद नया पैसा होती, तो आजीने जप्त केला. पैज रद्द, फेरमतदान.

शिसं_आणि_पोटीन
निवाड्यावर अपील नाही. पण मुलीचा प्रश्न फार मोठा आहे. तेरा हजारांतली नऊ हजारांवर ठोकलेली, उरलेली न ठोकलेली, आणि दोन्ही एकाच साठ्यात. म्हणजे ज्याने हा साठा पुरला त्याच्या घरात दोन्ही राजे एकत्र होते. माझा अंदाज, ठोकायचं काम चालू असतानाच्या धांदलीतला हा साठा. चिमीला सांगा, ज्यांच्याकडे नहपान उरला होता त्यांनी बहुधा सातकर्णीकडे खेपा घातल्या नसतील, दोन्ही चालवले असतील. चांदी ती चांदी.

हालीसिक्का
सात हाली सहा कलदार, दुसरं काय.

आत्याबाई
आता तिचं नवीन खूळ. भिंगातून तिला दिसलं की तीन पैशांच्या काही नाण्यांवर सालाखाली बारीक खूण आहे आणि काहींवर नाही. हे काय?

सुट्टेपैसे
लागली पोरगी मार्गाला! टांकसाळीची खूण आहे ती. पत्त्यातल्या चौकटसारखी असेल तर मुंबई. काहीच नसेल तर कोलकाता. चांदणी असेल तर हैदराबाद, तिथल्या काही वर्षांत दुभंगलेली चौकटही येते. नोएडाचं टिंब असतं, पण ती टांकसाळ १९८८ ची, तीन पैशांच्या नशिबात नव्हती.

आत्याबाई
मग तिच्याकडे चौकटवाली चार आणि कोरी तीन आहेत. तिला चांदणीवाली सात हवीत, दुसरं घर करायला. आणि मग दुभंगलेली सात. कुणाकडे जास्तीची आहेत का? पैसे देईन, पैजेत नाही.

सुट्टेपैसे
माझ्याकडे चांदणीवाली दोनच जादा आहेत. देतो. उरलेली शोधावी लागतील, लोकांनी भंगारात घातली हो.

दुदांडी
माझ्याकडे तीन पैसेच नाहीत. तांब्याचं असतं तर गोष्ट वेगळी.

बंदा_रुपया
आत्याबाई, तुमचा पत्ता मला निरोपातून कळवा. सौभाग्यवतींनी एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत, किलोभर असतील, बहुतेक तीन पैसेच. चांदणीवाली निवडून पाठवतो.

सुट्टेपैसे
काका??

बंदा_रुपया
ती माझी नाहीत. तिची आहेत.

सुट्टेपैसे
किलोभर म्हणजे आठशे नाणी होतात! बावीस वर्षं मला सांगितलं नाहीत? वर्षवार लावली आहेत का?

बंदा_रुपया
थोडीफार.

सुट्टेपैसे
रविवारी घरी येतोय. भिंग घेऊन.